गणपतीत इंदूरचा इतिहास सांगायचाय, पण भाषण नको

रामबागकर
मंडळी, मदत हवी आहे. आमच्या मंडळाने यंदा गणेशोत्सवातली एक संध्याकाळ इंदूरच्या इतिहासासाठी राखून ठेवली आहे. नेहमीची रीत म्हणजे अभ्यासक बोलवायचे, शाल-श्रीफळ, प्रोजेक्टर, पाऊण तास होळकरांची वंशावळ आणि शेवटी मसाला दूध. गेल्या साली वंशावळ तिसऱ्या तुकोजीरावांपर्यंत पोचली तोवर समोर फक्त आज्या उरल्या होत्या आणि प्रोजेक्टरची वायर धरून बसलेला एक मुलगा. वक्ते उत्तम होते, त्यांचा काही दोष नाही.

माझं मत असं की खुर्चीत बसवून ऐकवण्यात आता राम नाही. लोकांच्या हाताला काहीतरी काम द्यायला हवं. काय द्यायचं ते सुचत नाहीये. खर्च मंडळाला झेपेल एवढाच, आणि सांगू ते खरं असावं, या दोन अटी. मुलं सातवी ते दहावीची आहेत. मराठी बोलतात, वाचतात हिंदी. कोणी काही केलं असेल तर लिहा. केलं आणि फसलं असेल तर तेही लिहा.

छप्पनचा_पोहा
मसाला दूध शेवटी ठेवता म्हणून आज्या तरी उरतात.

तुकोगंज_पूर्व
नावांपासून सुरुवात करा. माझ्या भाचीला विचारलं, एमवाय म्हणजे काय? म्हणाली, मोठं हॉस्पिटल. महाराजा यशवंतराव हे तिला माहीतच नाही. एमटीएच तसंच, एम.टी. क्लॉथ मार्केट तसंच. दोन्हीकडचे 'एमटी' म्हणजे महाराजा तुकोजीराव. आपण रोज होळकरांची नावं घेतो आणि आद्याक्षरांमुळे ती कळत नाहीत. शहराचा मोठा नकाशा भिंतीवर लावा, मुलांच्या टोळ्या करा आणि होळकरांच्या घरातली नावं शोधायला सांगा. मल्हारगंज, तुकोगंज, यशवंत निवास रोड, अहिल्यापुरा... ज्याला जास्त सापडतील त्याला बक्षीस. खर्च नकाशाच्या छपाईचा.

पुणेरी_पाहुणा
कल्पना छान. फक्त एक शंका. मराठी मंडळ, मराठी गणपती, मग मुलं हिंदी वाचतात म्हणून पाट्या हिंदीत करणार का? मग राहिलं काय?

छप्पनचा_पोहा
राहिले पोहे. या कधीतरी, वर शेव घालून देतो.

मिलचा_भोंगा
रामबागकर, इंदूरचे असून असं विचारता? अनंत चतुर्दशीची रात्र विसरलात काय?

आमचे वडील हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते. गणपती बसायच्या कितीतरी आधी झांकीचं, म्हणजे मिरवणुकीतल्या हलत्या देखाव्याचं, काम सुरू व्हायचं. मूर्ती घडवणारे कलाकार वेगळे, पण त्यात जे काही हलायचं ते खात्याच्या माणसांनी केलेलं. हनुमान गदा उचलतोय, कालियाचा फणा डोलतोय, द्रौपदीची साडी संपता संपत नाहीये, हे सगळं पट्टे, पुल्या आणि क्रँकवर. दिवसभर सूत काढणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती करणारी माणसं शिफ्ट संपली की राक्षसाचा जबडा उघडमीट कसा होईल यावर डोकं लावायची. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, एकामागून एक झांक्या निघायच्या आणि पुढे आखाड्यांची पोरं लाठी-बनेटी फिरवत. आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून लोक यायचे, फुटपाथवर चादरी टाकून जागा धरायचे. आमची आई डबे बांधून न्यायची. वडिलांची झांकी दिसली की ती मूर्ती बघायची नाही, खाली चाकाशी बसलेल्या वडिलांना शोधायची.

हुकुमचंद १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांचे पैसे सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. कितीतरी जण ते बघायला राहिले नाहीत, त्यात आमचे वडीलही. आणि या सगळ्या वर्षांत, पगार नाही, भोंगा नाही, तरी चंदा गोळा करून झांक्या निघतच राहिल्या. मला विचाराल तर इंदूरचा इतिहास हाच आहे. राजांचा नंतर सांगा.

तर माझी सूचना: मुलांकडून टेबलावर मावेल अशी हलती झांकी करून घ्या. विषय कुठलाही घ्या. गिअर जुळवायला मी येतो.

रामबागकर
भोंगा, वडिलांबद्दल वाचून थांबलो जरा. तुम्ही याच. ठरलं.

जुनी_इंदूर
टेबल-झांकीला राजवाडा घ्या. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. मल्हाररावांच्या काळात, १७४७ मध्ये काम सुरू झालं. आणि एवढं लाकूड म्हटल्यावर आग आलीच. १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने शहर लुटून जाळलं त्यात हा वाडाही गेला, मग पुन्हा बांधला. १९८४ च्या दंगलीत पुन्हा जळला. तेव्हा मी कॉलेजात होतो, आमच्या गच्चीतून धूर दिसत होता. दर्शनी भाग तेवढा तगला, मागचा बराच भाग पुढे नव्याने उभारलेला आहे. आज तिथे सेल्फी काढणाऱ्या पोरांना हे कोणी सांगतच नाही. वाड्याचे मजले सुटे करा, मुलांना रचायला द्या, मग एकदा मोडा, पुन्हा रचायला द्या.

किल्ल्याखालचा_ग्वाल्हेरकर
सर्जेरावाचं नाव आलं म्हणून तोंड घालतो. त्याच साली जुलैमध्ये उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा मोड करून खंडणी कोणी वसूल केली, तेही मुलांना सांगा म्हणजे झालं. यशवंतराव होळकर काही तीर्थयात्रेला गेले नव्हते.

जुनी_इंदूर
मान्य. पण आग तुमच्याकडूनच लागली.

पुणेरी_पाहुणा
दोघांनी भांडून घ्या, आम्ही बघतो.

किल्ल्याखालचा_ग्वाल्हेरकर
पुणेकरांनी तर या विषयात बोलूच नये. १८०२ ची दिवाळी आठवा. हडपसरला यशवंतरावांनी आमची आणि पेशव्यांची एकत्रच आतषबाजी केली होती.

छप्पनचा_पोहा
बघा, इतिहासात लोकांना रस नाही असं कोण म्हणालं? दोनशे वर्षं झाली तरी मारामारी चालू आहे. हेच रंगमंचावर करा. एक शिंदे, एक होळकर, मध्ये पेशवा डोकं धरून.

नकाशावाला
दिवाळीचा विषय निघालाच आहे तर इंदूरची एक दिवाळी सांगतो. धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वी याच शहरात देऊन झालेलं आहे, असं मला वाटतं.

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश माणूस, मुळात वनस्पतीशास्त्राचा प्राध्यापक, पुढे नगररचनेकडे वळला. होळकर दरबाराने त्याला इंदूरच्या नगररचनेचं काम दिलं. १९१८ चा त्याचा दोन खंडांचा अहवाल आमच्याकडे आर्किटेक्चरच्या अभ्यासात अजून वाचतात. त्या काळात शहरात प्लेग. तोवरचा सरकारी उपाय म्हणजे जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचा आणि मध्ये येतील ती घरं पाडायची. गेडिसला ते पटेना. गल्लीगल्ली हिंडून तो पाहायचा की कुठलं एखादंच पडकं घर काढलं तर हवा खेळेल, कुठे झाड लावता येईल, कुठली विहीर साफ केली तर पुरे.

पण अहवाल वाचणार कोण? मग त्याने १९१७ च्या दिवाळीला मिरवणूक काढायची परवानगी मिळवली. मिरवणुकीचा मार्ग आधी जाहीर केला नाही. जे मोहल्ले घरं-रस्ते सर्वांत स्वच्छ करतील तिथून ती जाईल, एवढंच सांगितलं. झालं! लोक कामाला लागले, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या निघाल्या, भिंतींना चुना लागला. मिरवणुकीत आधी हत्ती-घोडे, नेहमीचा थाट. मग घाणीचा राक्षस आणि प्लेगचा अवाढव्य उंदीर. त्यांच्यामागे शहराचे सफाई कामगार, पांढऱ्याशुभ्र नव्या कपड्यांत, गळ्यात हार. मग लक्ष्मी, मग पुढच्या इंदुरात कशी घरं असतील त्यांच्या प्रतिकृती. शेवटी लोकांना तुळशीची रोपं वाटली आणि राक्षस-उंदीर दोघांना जाळलं.

आता बघा, यात भाषण कुठे आहे? प्लेगचं कारण, उपाय, झाडू मारणाऱ्याचा मान, पुढचं शहर, सगळं सांगून झालं. आणि मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून लोकांनी आधीच हातपाय हलवले होते. तुमच्या संध्याकाळची तयारीही अशीच आधीच्या आठवड्यात घराघरांतून सुरू व्हायला हवी. त्या दिवशी प्रेक्षक म्हणून येणारा माणूस तासाभरात घरी जाणारच.

सराफ्याची_रात्र
१९१७ मध्ये उंदीर जाळला आणि बरोबर २०१७ मध्ये देशात स्वच्छतेत पहिला नंबर. निकालाला शंभर वर्षं लागली म्हणायचं.

छप्पनचा_पोहा
सरकारी काम होतं भिया.

नकाशावाला
हाहा. पण गंमत सोडा, हार त्याने सफाई कामगारांच्या गळ्यात घातले होते. आपण आज होर्डिंगवर कोणाचे फोटो लावतो तेही पाहा.

आडा_बाजार_गल्ली
सगळे यंत्रं आणि रस्त्यांचं बोलताय, देवी अहिल्याबाई कुठे गेल्या? आमच्या गल्लीची गोष्ट घ्या की. मालेरावांच्या रथाखाली वासरू मेलं, गाय रस्त्यात बसून राहिली. बाईंनी पोटच्या मुलाला तीच शिक्षा सुनावली, रथावर स्वतः बसल्या आणि तीच गाय पुन्हा पुन्हा रथाच्या आडवी आली. इंदूरचं शेंबडं पोरही ही गोष्ट सांगतं. नाटुकलं बसवा, रडतील लोक.

मोडी_वाचक
लोक रडतील, पण रामबागकरांची दुसरी अट मोडेल. मल्हारराव गेले १७६६ मध्ये, सरदारी नातवाकडे आली आणि १७६७ मध्ये मालेराव आजारपणात गेले. रथाची गोष्ट ही लोककथा आहे. बरं, कंपनी सरकारचा अधिकारी जॉन माल्कम, त्याने १८२३ च्या ग्रंथात मालेरावाची वेगळीच गोष्ट दिली आहे. त्याने कशिदा काढणाऱ्या एका माणसाला संशयावरून मारलं आणि त्याच्या भुताने पछाडून तो खंगत गेला. म्हणजे बाईंना जाऊन तीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा लोक निराळंच काही सांगत होते. त्यात रथ नाही आणि गायही नाही. ज्या बाईने नवरा, सासरा, मुलगा, पुढे नातू आणि जावई गमावले, मुलगी सती जाताना पाहिली आणि तरी १७९५ पर्यंत राज्य चालवलं, तिच्यासाठी खोटा रथ कशाला लागतो?

आडा_बाजार_गल्ली
खोटा म्हणू नका हो. आमच्या आजीने सांगितलेली आहे. तुमचा माल्कम तरी इंग्रजच ना, त्याला भूत चालतं आणि आम्हाला गाय चालत नाही?

मोडी_वाचक
भूतही मी खरं म्हणत नाहीये, ताई. दोन्ही ऐकीव आहेत एवढंच म्हणतोय.

तुकोगंज_पूर्व
मग खटलाच भरवा ना! मुलांपैकी एक वकील रथाच्या गोष्टीचा, एक कशिद्यावाल्याच्या गोष्टीचा, तिसरा म्हणेल नुसता आजार. साक्षी, पुरावे, उलटतपासणी. निकाल प्रेक्षक देतील. आज्या कुठल्या बाजूला जाणार ते आत्ताच सांगते.

मोडी_वाचक
ही कल्पना मला आवडली, आणि मला सहजी काही आवडत नाही. फक्त एक करा. जिथे जे काही लावाल तिथे दोन रंगांची कार्डं ठेवा. पिवळ्यावर 'लोक सांगतात', पांढऱ्यावर 'कागद सांगतो'. कुठलं कार्ड कुठे लावायचं हे मुलांनीच ठरवायचं, भांडून. इतिहासाचा अर्धा अभ्यास त्यातच होतो.

आडा_बाजार_गल्ली
पिवळा रंग गायीला शोभेल. चालतंय.

पाताळपाणी_एक्सप्रेस
अवांतर आहे पण सांगतो. दुसऱ्या तुकोजीरावांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं. संस्थानिकाने इंग्रजांना कर्ज! आमचे शाळेतले सर हे सांगताना दरवेळी कॉलर ताठ करायचे. त्या लाइनचा पाताळपाणी-कालाकुंड तुकडा आता हेरिटेज गाडीसाठी ठेवलाय, २०१८ पासून. मी भाच्यांना घेऊन गेलो. डब्यात एका आजोबांनी बोगदे कसे खोदले असतील ते सांगायला सुरुवात केली आणि अख्खा डबा त्यांच्याभोवती. गाडीत बाहेर दिसतंय आणि कोणी सांगतंय, याला तोड नाही. मंडळाने सहल काढावी.

छप्पनचा_पोहा
आणि कालाकुंड स्टेशनवर कलाकंद. माझा या योजनेला बिनशर्त पाठिंबा.

सराफ्याची_रात्र
क्रिकेट विसरू नका. माझ्या मुलाला होळकर म्हटलं की स्टेडियम आठवतं. त्याला सांगितलं की होळकर नावाची टीम होती, सी. के. नायडू कॅप्टन, मुश्ताक अली ओपनर, आणि चार वेळा रणजी जिंकली, तर म्हणतो, आयपीएलमध्ये का नाही? १९४४-४५ च्या फायनलला मुंबईविरुद्ध डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला होता, नाबाद २४९. तरी हरलो. हे ऐकल्यावर तो स्वतःच जुने स्कोअरकार्ड शोधत बसला. मी एक अक्षर वाचायला लावलं नाही.

पुणेरी_पाहुणा
माझ्या भाषेच्या प्रश्नाचं कोणीच उत्तर दिलं नाही. टोमणा नव्हता तो. मुलांनी मराठी वाचावं असं वाटत असेल तर निमित्त कधी काढणार?

रामबागकर
प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे असं चालतं की घरात आईशी मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि भांडताना दोन्ही. पाट्या फक्त मराठीत केल्या तर शेजारचे जैन काका, खालचे पंजाबी कुटुंब, सगळे बाहेर राहतात, आणि शहर तर त्यांचंही आहे. सर हुकुमचंदांच्या मिलवर किती मराठी घरं जगली! म्हणून बोलणं मोकळं ठेवू, ज्याला जसं येईल तसं. कार्डांवर मात्र मराठी मोठ्या अक्षरात, खाली हिंदी.

बडोदेकर_सून
इंदूरची लेक, बडोद्याची सून, म्हणून एक बडोद्याचं देते. सयाजीरावांच्या काळात गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. पेटी यायची, गाव वाचायचं, पेटी पुढच्या गावी. तुम्ही एक पेटी रामबागेतल्या घरांत फिरवा. प्रत्येक घराने त्यात एक जुनी वस्तू घालायची, सोबत चार ओळी. दहाव्या दिवशी पेटी उघडायची. वस्तू सोन्याची नको, मिलचा गेटपास, रेशनकार्ड, होळकरी पैसा, लग्नातली महेश्वरी, असलं काहीही.

महेश्वरी_काठ
अनुभवाने सांगते, वस्तू फिरवू नका. आमच्या सोसायटीत असं प्रदर्शन केलं आणि माझ्या सासूबाईंची अडकित्त्याची जोडी परत आली नाही. कोणाकडे गेली ते सगळ्यांना माहिती आहे, कोणी बोलत नाही. पेटीत फक्त फोटो आणि चार ओळी जाऊ देत. वस्तू त्या संध्याकाळी मालकिणीने स्वतः आणायची आणि शेजारी खुर्ची टाकून बसायचं. लोक येऊन विचारतील. आज्यांना ऐकायला बसवता ना दरवर्षी? यंदा त्यांना बोलू द्या.

मिलचा_भोंगा
हे एकदम बरोबर. आईकडे वडिलांचा बिल्ला आहे. ती बसेल. उठवणं अवघड जाईल एवढंच.

रामबागकर
काल मंडळाच्या मीटिंगमध्ये हा धागा वाचून दाखवला (शिंदे-होळकर भाग गाळून, आमचे खजिनदार मूळचे ग्वाल्हेरचे). ठरलं ते असं. नकाशा आणि नावांचा शोध पहिल्या दिवसापासून भिंतीवर. पेटी घराघरांतून, फक्त फोटो. त्या संध्याकाळी आधी मालेरावांचा खटला, मग आज्यांची खुर्च्यांची रांग. टेबलावर राजवाडा, सुट्या मजल्यांचा, हलता. गेडिसचा उंदीरही मुलांना हवाय, जाळायचा मात्र नाही, मांडव कापडी आहे. अभ्यासकांनाही बोलावलंय, पण भाषणाला नाही, खटल्यात न्यायाधीश म्हणून. ते खूश आहेत. सहल दिवाळीनंतर.

मोडी_वाचक
न्यायाधीशांना निकाल देऊ देऊ नका. ते पाऊण तास देतील.

महेश्वरी_काठ
मसाला दुधाचं काय ठरलं?

रामबागकर
खटल्याच्या मध्यंतरात.

छप्पनचा_पोहा
लाच.

मिलचा_भोंगा
झांकीचं सामान लिहून घ्या. भंगारवाल्याकडून गाडीच्या वायपरची मोटर आणा, वेग कमी असतो आणि ताकद भरपूर. ती बारा व्होल्टवर चालते, तेव्हा कोणी उत्साहाने थेट घरच्या लाइनीत घालू नका, अडॅप्टर घ्या. क्रँकसाठी सायकलचं पॅडल चालेल. मजले प्लायचे नको, थर्माकोलही नको. पुठ्ठा घ्या, आतून बांबूच्या काड्या. रविवारी सकाळी नऊला येतो. मुलांना सांगा, पक्कड आणि जुने कपडे.

किल्ल्याखालचा_ग्वाल्हेरकर
उंदीर किती फुटी करताय? आमच्या मंडळालाही हवा आहे, नंतर पाठवता येईल का?

रामबागकर
आधी खजिनदारांना विचारतो. भाडं तुमच्याकडे.